ओव्हरलोडची खूण पुन्हा साडेसातवर आणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

आमचा पंप दुरुस्त केलात, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत. पाकीट पुढं केलं तर ते माझ्याच टेबलावर ठेवलंत, "आधी फिल्टर आणा" म्हणालात आणि गाडीला किक मारून गेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण आमच्यासारखे छोटे कारखाने चालवणाऱ्यांनी ते वाचायला हवं.

एप्रिल-मे म्हणजे सांगलीकडच्या आम्हा मसालेवाल्यांचं अख्खं वर्ष. कांदा-लसूण चटणी, मिरची पूड, हळद, सगळ्या ऑर्डरी त्याच दिवसांत. नेमका तेव्हाच व्हॅक्यूम पॅकिंगचा, म्हणजे पिशवीतली हवा ओढून काढणारा पंप दगा देत होता. दुपार झाली की स्टार्टर पडायचा आणि मोटर बंद व्हायची. मोटर निवेपर्यंत बायका हात बांधून बसायच्या आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारायचा.

तुमच्याआधी जे येऊन गेले, त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. पहिल्यानं तेल बदललं आणि ओव्हरलोड रिलेची, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या भागाची चकती फिरवून साडेसात अँपिअरची दहावर नेली. "आता पडणार नाही," म्हणाला. नाहीच पडला, मोटर जळली. रिवाइंडिंग करून आणली तर ती पुन्हा तशीच तापायला लागली. दुसऱ्याला व्हॅक्यूम लवकर धरत नाही असं वाटलं, म्हणून त्यानं पंपाच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधलं पूड अडवणारं कार्ट्रिज काढून टाकलं आणि तसं आम्हाला सांगितलंही नाही. तिसऱ्यानं मशीनचं झाकणसुद्धा न उघडता नवा पंप आणि मोठी मोटर यांचं कोटेशन हातात दिलं. पंपाला वाचवण्यासाठी जे जे बसवलेलं होतं, ते एकेक करून निकामी केलं आणि प्रत्येकानं व्हिजिटचे पैसे घेतले.

तुम्ही आलात, पण पिशवीतून पाना काढला नाहीत. आधी विचारलंत, "मशीनवर कोण असतं?" मी मावशींकडं बोट केलं. तुम्ही त्यांना हाक मारलीत, स्वतः पोत्यावर बसलात, त्यांना स्टूल दिलंत आणि म्हणालात, "मावशी, काय काय होतं ते सगळं सांगा. घाई नाही."

काका, मावशी त्या मशीनवर कितीतरी वर्षं आहेत. इतके मेकॅनिक आले, पण त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. उलट "बाई, जरा बाजूला व्हा" एवढंच ऐकलेलं. त्या बोलायला लागल्या: सकाळी पंपाचा आवाज हलका असतो, जेवणाच्या सुट्टीनंतर जड होतो, मागून तेलकट धूर येतो, आणि काचेतून दिसणारं तेल आठवडाभरात काळं पडतं. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. सगळं ऐकून उठलात आणि म्हणालात, "मावशींनी दुखणं सांगितलं, आता आपण फक्त खात्री करू."

मग करंट मोजायचा चिमटा, टाँग टेस्टर, मावशींच्याच हातात दिलात. वायरीभोवती कसा धरायचा ते दाखवलंत आणि आकडा मोठ्यानं वाचायला सांगितलात. नऊ पूर्णांक दोन अँपिअर. पंप बंद करून मागचा तेल अडवणारा एक्झॉस्ट फिल्टर काढलात. तो मसाल्यानं आणि चिकट तेलानं गच्च भरला होता. पुन्हा चालू केलात, शेडमध्ये थोडा धूर झाला, आणि मावशींनी वाचलं: सहा पूर्णांक आठ. त्यांचा चेहरा तुम्हीही पाहिलात.

मागचा फिल्टर आधीपासूनच चोंदत चालला होता; त्यात तोंडाशी कार्ट्रिज नाही, म्हणून बारीक पूड थेट पंपात. पुडीनं तेल दाट झालं, फिल्टर पुरता चोंदला, हवेला बाहेर पडायला वाट उरली नाही. तिला ढकलायला मोटर जास्त करंट खात होती आणि तेल तापत होतं. सुरुवातीला रिले पडत होता तो बरोबरच पडत होता. त्याच्या आतली दोन धातूंची पट्टी करंटनं तापते, वाकते आणि मोटर जळण्याआधी स्टार्टर सोडवते. साडेसात अँपिअरच्या मोटरवर तो दहाला लावला, तर बारा अँपिअरपर्यंत तो पडेलच याची खात्री नाही, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मोटर का जळली ते कळलं. वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, मर्यादेपेक्षा दहा अंश जास्त तापत राहिली की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा मोटरवाल्यांचा जुना ठोकताळाही तुमच्याच तोंडून ऐकला.

जाताना चकती साडेसातवर आणून तिच्यावर तांबड्या रंगाची खूण केलीत. "ही कुणी हलवायला लागला तर आधी का ते विचारा," असं मला नाही, मावशींना सांगितलंत. हुशार मेकॅनिक पैसे टाकले की मिळतो. पण काम करणाऱ्या बाईला माहिती असते असं मानणारा माणूस मला या धंद्यात फार क्वचित भेटला, आणि अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची शेडं चालू आहेत.

कार्ट्रिज बसवलं आहे. एक्झॉस्टवर तुम्ही सांगितलेला हिरव्या-लाल पट्ट्याचा, दाब दाखवणारा छोटा गेज लावला आहे. मावशी रोज सकाळी त्याचा काटा आणि तेलाचा रंग वहीत लिहितात. पंप तेव्हापासून पडलेला नाही.

खंडेनवमीला यायचं आहे, काका. यंदा मशीनची पूजा मावशींच्या हातून आहे आणि हे बोलावणंही त्यांचंच आहे. काकूंनाही घेऊन या.

आपली नम्र,
चटणीच्या शेडवाली वहिनी