दोर धरणारी माणसं

नारायण पेठ, पुणे

चि. मृणू हिस अनेक आशीर्वाद.

काल तुझी बस सुटल्यावर आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "भाऊबीजेच्या ताटावरून उठून गेली पोरगी, आणि तुम्ही बघत बसलात." मी काय करणार होतो? तू गॅलरीत, फोन कानाला, आणि इकडे बासुंदीवर साय धरलेली. फोनवर तू चालवतेस त्या पक्ष्यांच्या फोटोंच्या ऑनलाइन गटाचा विषय काढला की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितोय. तुझ्या थायरॉइडच्या गोळीचं यात काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

तर तो मेळघाटचा फोटो. गॅलरीतून ऐकू आलं ते आणि नंतर तू तुटकपणे सांगितलंस ते जुळवून मला एवढं कळलं. एका नावाजलेल्या छायाचित्रकाराने गटावर रानपिंगळ्याचा, म्हणजे त्या दुर्मीळ छोट्या घुबडाचा, फोटो टाकला, खाली लिहिलं 'मेळघाट'. दुर्मीळ पक्ष्याचं ठिकाण सांगायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून तुझ्या अमरावतीच्या मॉडरेटरने, गटावरच्या पोस्ट तपासणाऱ्या त्या मुलाने, तो काढला. गृहस्थ चिडले. तू फोटो परत लावलास आणि खाली, सगळ्यांदेखत, लिहिलंस की मॉडरेटरची घाई झाली. तो मुलगा त्याच रात्री गट सोडून गेला. मग तू आम्हाला म्हणालीस, "जाऊ दे, मी एकटी बघते."

फोटोबद्दल तुझंच बरोबर. मेळघाट म्हणजे काय एक झाड आहे, की उद्या पन्नास कॅमेरे त्याच्या बुंध्याशी जाऊन बसतील? पण तो मुलगा का घाबरला तेही बघ ना. १८८४ नंतर ज्या पक्ष्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. असं पाखरू आपल्या जिल्ह्याच्या जंगलात आहे म्हटल्यावर माणूस जरा जास्तच जपणार. धोक्यातल्या काही पक्ष्यांच्या नेमक्या जागा ईबर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळसुद्धा झाकून ठेवतं, हे मला तूच दाखवलं होतंस. नियम तू लिहिलास आणि त्याने तो तुझ्यापेक्षा कडक पाळला. एवढंच झालं. फोटो परत लावण्याआधी त्याला विचारलं असतंस, "का काढलास रे?", तर नियमातच एक ओळ वाढली असती, की जिल्हा किंवा अभयारण्य लिहिलेलं चालेल, गाव आणि झाड नको. चारचौघांत त्याची बाजू घ्यायची आणि कान धरायचा तो आत नेऊन. उलटं केलं की उरलेलेही हात आखडतात. पुढच्या वेळी कोणीच काही काढणार नाही, सगळं तुझ्या अंगावर येईल, आणि तू रात्री दोनपर्यंत जागशील. मग सकाळी उशिरा उठून आधी चहा, आणि मग ती गोळी आठवणार. बघ, आलंच.

गणपती विसर्जनातल्या आमच्या ढोल-ताशा पथकाचं तुला ठाऊक आहे. ढोल वाजवायला शंभर पोरं यायची, ताशाला भांडणं व्हायची, ध्वज नाचवायला तर रांग. दोर धरायला कोणी तयार नसे. बेलबाग चौकापासून अलका टॉकीजपर्यंत लक्ष्मी रोडवर जी गर्दी असते, तिच्या आणि पथकाच्या मध्ये हा दोर. धरणाऱ्याचं तोंड गर्दीकडे, पाठ ढोलांकडे. ज्या वादनासाठी लोक रात्रभर उभे राहतात ते त्याला दिसत नाही. वर धक्के खायचे, "ओ, सोडा की जरा आत" ऐकायचं, आणि फोटोत कधीच यायचं नाही. मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते, माणूस किती वेळ असा उभा राहील? मी दोरावर दांडगी पोरं कधी घेतली नाहीत. ज्याला राग उशिरा येतो ती घेतली. दोर मागायला स्वतःहून पुढे येणाऱ्याला तर आधी पाण्याच्या गाडीवर पाठवायचो. आणि कुंटे चौकात माणसं बदलायचीच, कोणी कितीही म्हटलं की "काका, मी दमलो नाही". 'दमलो नाही' म्हणणारा माणूसच पुढच्या चौकात हात उचलतो.

तुझे मॉडरेटर म्हणजे हीच माणसं. तू ती निवडलीस कशी, हे मी कधी विचारलं नाही. ज्याला जास्त पक्षी ओळखता येतात त्याला घेतलंस असं दिसतं. ज्ञान हवंच, पण भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणणाऱ्या आजोबांशी जो नीट बोलतो, तो आधी हवा. नव्याला थेट गर्दीत सोडू नये. महिनाभर जुन्याच्या शेजारी बसवावं, काय काढलं आणि का काढलं हे दोन ओळींत लिहून ठेवायला लावावं, म्हणजे नाशिकवाला एक न्याय देतो आणि रत्नागिरीवाला दुसरा, असं होत नाही. परीक्षा असली, घरात लग्न असलं, तर न विचारता सुट्टी. आणि रात्री अकरानंतर दुकान बंद. पोस्ट मंजुरीला थांबतात ना? थांबू देत. भारद्वाज सकाळी सातलाही भारद्वाजच असतो. तू म्हणशील, कोणाला रात्री जखमी पिल्लू सापडलं तर? त्याचं उत्तर वर कायमचं चिकटवून ठेव: भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, अंधार, शांतता, चोचीत पाणी ओतायचं नाही, वन विभागाला कळवायचं. त्यासाठी तू जागी कशाला हवीस?

व्याख्यान झालं. माफ कर. तीन पानं झाली आणि आई दोनदा डोकावून गेली, "गोळीचं लिहिलंत का?" म्हणून.

तुला कवडीपाट आठवतो का गं? दुसरीत असशील. पहाटे सोलापूर रोडने स्कूटरवर नेलं होतं, तू माझ्या मफलरमध्ये. नदीवर तो फेस, वास, आणि त्यातच चक्रवाक बसलेले, जणू काही घाण नाहीच. लाल लांब पाय दिसले आणि तू ओरडलीस, "फ्लेमिंगो! बाबा, फ्लेमिंगो!" शेकाट्या होता तो. दोन-तीन दुर्बीणवाले हसले. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ, कानटोपी घातलेले, ते हसले नाहीत. तुझ्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पाय अगदी बरोबर पाहिलेस. आता चोच बघ, सरळ आहे की वाकडी?" तू बराच वेळ पाहिलंस. "सरळ." "मग फ्लेमिंगो कसा?" परत येताना वाघोलीच्या काकूंकडे थांबलो तर तू त्यांच्या कोंबड्यांच्या चोची तपासत होतीस. त्या दिवशी ते गृहस्थ हसले असते तर तू आज पक्षी नाही, पोस्टाची तिकिटं जमवत असतीस. त्यांचं नाव विचारायचं राहिलंच.

हे का लिहिलं? हां. पावसाळ्यात मी गॅलरीतल्या बुलबुलाच्या घरट्याचा फोटो टाकला होता, आडनाव न लावता. नाकारला गेला. मी चिडून फोन ठेवला, आईला म्हणालो, मुलीच्या गटात बापाला जागा नाही. मग खालचं वाचलं. लिहिलं होतं: 'काका, फोटो सुंदर आहे. घरट्याचे फोटो आपण घेत नाही, कारण जवळ गेल्यावर आईबाप घरटं सोडू शकतात. पिल्लं उडाली की त्यांचा फोटो नक्की टाका, मी वाट बघतो.' मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. पिल्लं उडाली, फोटो टाकला, पहिली शाबासकी त्याचीच. हा तोच तुझा अमरावतीचा.

परवा बँकेत पासबुकाच्या रांगेत एक गृहस्थ शेजारच्याला तुमच्या गटातला चंडोल दाखवत होते. मी गप्प राहायचं ठरवलं होतं. मग सांगितलंच, माझी मुलगी चालवते म्हणून. ते म्हणाले, "एकटी?" मी म्हणालो, "नाही हो, माणसं आहेत तिची." खोटं पडू देऊ नकोस.

वर्षाआत्याने वाचनालय आणि भिशी दोन्ही एकटीने ओढलं. त्याविषयी मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. तिलाही थायरॉइडच होतं.

त्या मुलाला फोन कर. मेसेज नको, फोन. रात्री तर नकोच. सकाळी गोळी घेतल्यावर चहाला निदान अर्धा तास थांबायचंच असतं, तेवढ्यात होतो एक फोन.

आई विचारते, भाजणीच्या डब्याचं झाकण प्रवासात उघडलं नाही ना?

तुझा,
बाबा