भेकड म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला विज्ञानपटांवरचा लेख वाचला. यानं, कृष्णविवर, काळाचा हिशेब, सगळं लेखकाने सोपं करून सांगितलं आहे. पण 'इंटरस्टेलर' (२०१४) मधल्या, माणसाला राहण्याजोगा ग्रह शोधायला एकट्याने गेलेल्या डॉ. मान या शास्त्रज्ञाला त्यांनी भेकड म्हणून एका शब्दात निकालात काढलं, ते काही मनातून जाईना.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दापोली तालुक्यात समुद्राकाठी एका वाडीत एकटी राहते. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. आमच्या पाखाडीवर अकरा घरं, त्यातली सात बंद. सातही घरांच्या चाव्या माझ्याकडे. माजघराच्या चौकटीला खिळे ठोकून टांगल्या आहेत. एकीला लाल दोरा, एकीला मुंजीतल्या जानव्याचा तुकडा, एकीला रिकाम्या औषधाच्या बाटलीचं झाकण, म्हणजे अंधारातही हाताला कळतं कुणाची कोणती. गणपतीच्या आठ दिवस आधी एकेक घर उघडते, वाळवी बघते, झाडून घेते. चाकरमानी येतात, दिवे लागतात, आरत्या होतात. विसर्जन झालं की चाव्या परत खिळ्याला.

गेल्या गणपतीत भाच्याच्या मुलांनी 'पॅसेंजर्स' (२०१६) हिंदीतून लावला. पोरं अर्ध्यात झोपली, मी शेवटपर्यंत बघितला. १२० वर्षांचा प्रवास, पाच हजार माणसं पेट्यांमध्ये झोपलेली, आणि यानाला उल्का लागून एका मेकॅनिकची पेटी नव्वद वर्षं आधीच उघडते. परत झोपायची सोय नाही. वर्षभर तो पेले पुसणाऱ्या एका यंत्रमाणसाशी बोलून दिवस काढतो. मग झोपलेल्या एका लेखिकेची पेटी मुद्दाम उघडतो आणि तुझीही पेटी बिघडली असं तिला भासवतो. तिचं सगळं आयुष्य त्याने आपल्या सोबतीसाठी घेतलं. खरं तिला कळतं ते त्या यंत्राच्या तोंडून. पुढे यान बिघडतं, दुरुस्तीला दोघं लागतात, आणि त्या धावपळीत त्याचा अपराध झाकला जातो. हे मला मुळीच पटलं नाही. यान वाचलं म्हणून तिची नव्वद वर्षं परत येत नाहीत. पण तिला उठवण्याआधी तिच्या पेटीशेजारी तो रोज जाऊन बसतो ना, ते मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.

लेखकाने एकटेपणा सरसकट एकच धरला आहे. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले, तेव्हा मायकेल कॉलिन्स एकटेच यानात चंद्राभोवती फिरत होते. प्रत्येक फेरीत चंद्राआड गेलं की सुमारे ४८ मिनिटं पृथ्वीचा आवाज बंद. तरी आपल्याला एकाकी वाटलं नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं. आवाज परत कधी येणार ते त्यांना मिनिटावर माहीत होतं. डॉ. मान आपल्या ग्रहावर तशाच पेटीत शेवटचे झोपले तेव्हा त्यांनी जागं होण्याची तारीखच घातली नव्हती. आपला ग्रह माणसाला राहण्याजोगा नाही हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि राहण्याजोगा आहे असं कळवलं तर कुणीतरी येईल हेही. त्यांनी बटण दाबून खोटं कळवलं.

त्याच चित्रपटात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे इथली सात वर्षं. काकुद्मी राजा रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला आणि परत येईतो युगं लोटली, ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगत असे. एका मुलीने विचारलं होतं, "बाई, मागे राहिले त्यांनी किती वर्षं वाट बघितली?" मला उत्तर देता आलं नव्हतं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, आगरातल्या पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. तेव्हा एकटं वाटलं नाही. उरलेल्या चार घरांतली माणसं कोयत्या घेऊन एकमेकांच्या आगरात राबत होती. एकटं वाटलं ते २०२२ च्या श्रावणात. सलग आठ दिवस पाऊस होता. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून 'शुभं करोति' म्हणायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. घसा बसला नव्हता. सकाळपासून मी एक शब्द बोलले नव्हते.

त्या रात्री मी मुलाला फोन केला आणि छातीत दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

तो रात्रीच ताम्हिणीतून निघाला. पहाटे दारात उभा, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. दापोलीला नेऊन कार्डिओग्राम काढला, काही निघालं नाही. त्याने डॉक्टरांचे दोनदा हात हातात घेतले. त्या दिवशी पुण्यात त्याची नव्या नोकरीची मुलाखत होती, ती बुडाली. मी त्याला आवडतं म्हणून फणसाचं सांदण केलं, आणि गप्प राहिले. तीन वर्षं.

डॉ. मान यांचं पाप लहान आहे असं मला म्हणायचं नाही. खोटं उघडं पडू नये म्हणून ते पुढे जीव घ्यायला निघतात, त्याला क्षमा नाही. पण बटण दाबणाऱ्या त्या हाताला भेकड म्हणताना लेखकाने त्याच्या आधीची वर्षं मोजायला हवी होती. आणि या दोन्ही चित्रपटांत माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलं ते हे, की दोघांपैकी एकानेही आपण होऊन खरं सांगितलं नाही.

हे पत्र टाकण्याआधी मी मुलाला फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई, त्या रात्री घाटात दरड आली होती. माझ्या पुढच्या वळणावर. दोन तास मी गाडीत बसून होतो आणि तुला फोन लागत नव्हता."

हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(ता. दापोली, जि. रत्नागिरी)