लाल पिन कुठल्या भोकात आहे ते आधी बघ

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला बघतोयस त्या तिन्ही मल्टिमीटरचे फोटो बघितले. फोनवर बोलायला गेलं की तू "हो आई, हो आई" करत भलतंच काहीतरी बघत असतोस, म्हणून लिहिते आहे. शेजारच्या काकू शुक्रवारी लेकीकडे पुण्याला निघाल्यात. त्यांच्या पिशवीत हे पत्र, कांदा-लसूण चटणीचा डबा आणि एक वस्तू देते आहे. वस्तूचं शेवटी सांगते.

तुला तिसरा मीटर आवडलाय हे न सांगताच कळलं. त्याचे चार फोटो आणि बाकीच्यांचा एकेक! दहा हजार काउंट, ट्रू आरएमएस, तापमान, फ्रिक्वेन्सी, मागं टॉर्च, एवढं सगळं बाराशे रुपयांत. वर 'कॅट थ्री १००० व्होल्ट' असंही छापलंय. छापायला काय लागतंय रे? शाईच की.

मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर बसणार असतास तर मीच म्हटलं असतं, घे तोच. पाच-बारा व्होल्टच्या बोर्डावर तो चांगला चालेल, आणि काउंट जास्त, म्हणजे आकडा जास्त बारीक दिसतो, त्याचा तिथं उपयोगही आहे. साधा दोन हजार काउंटचा मीटर लिथियम सेल ४.१८ दाखवतो, सहा हजारवाला ४.१८७ दाखवतो. पण तू भोसरीत पॅनलच्या कामाला लागलायस. ४१५ व्होल्टच्या बसबारवर, त्या जाड पट्टीवर, तिसऱ्या आकड्याचं कुणाला पडलंय?

कॅट म्हणजे मीटर कुठल्या जागी लावायला सुरक्षित आहे त्याचा वर्ग, ते तुला डिप्लोमात सांगितलं असणार आणि तू परीक्षेपुरतं पाठ केलं असणार. घरातल्या सॉकेटला लावायच्या उपकरणांचं काम असेल तर कॅट टू. डिस्ट्रिब्युशन बोर्ड, पॅनल, पक्क्या बसवलेल्या मोटरी आल्या की कॅट थ्री. सर्व्हिस लाइन आणि मीटरपेटीला कॅट फोर. ट्रान्सफॉर्मरच्या जितकं जवळ जाशील तितका मधल्या वायरचा अडथळा कमी, आणि चूक झाली तर तितका जास्त करंट धावून येतो. कॅट थ्री ६०० व्होल्टचा मीटर ६००० व्होल्टची क्षणिक उसळी देऊन तपासतात. कॅट टू १००० व्होल्टच्या मीटरलाही ६००० चीच उसळी देतात, पण ती १२ ओहममधून, म्हणजे फार तर ५०० अँपिअर. कॅट थ्रीला फक्त २ ओहम, म्हणजे ३०००. म्हणून '१००० मोठा की ६०० मोठा' असला हिशेब मांडू नकोस. आधी कॅट बघ, मग व्होल्ट. आणि नुसत्या छापील शब्दावर जाऊ नकोस, यूएल किंवा ईटीएलसारख्या बाहेरच्या तपासणीचा शिक्का आहे का ते बघ. सीई बहुतेक वेळा कंपनी स्वतःच लावून घेते.

आता जे सांगायला बसले ते.

पप्पांच्या डाव्या अंगठ्याजवळचा डाग दुकानातल्या मोटरी सुकवायच्या वार्निशच्या भट्टीचा आहे असं तुला आम्ही सांगत आलोय. तो भट्टीचा नाही. २००८ साली, तू बालवाडीत होतास तेव्हा, दुकानात दोनशे रुपयांचा पिवळा मीटर होता. दुपारी एका गिऱ्हाइकाचा चार्जर आला होता, त्याचा करंट मी बघितला. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात होती. तेवढ्यात तू शाळेतून आलास आणि ती पिन तशीच राहिली. संध्याकाळी पप्पा तोच मीटर उचलून शिरोळकडे एका शेतावर गेले. पंप उचलत नव्हता, ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या बांधावर. त्यांनी नॉब व्होल्टवर फिरवला आणि दोन फेजना पिना लावल्या.

नॉब व्होल्टवर असून काय उपयोग? अँपिअरच्या भोकामागं नुसती जाड तार असते. म्हणजे त्यांनी दोन फेज हातानं जोडल्या. त्या भोकाशेजारी बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' लिहिलेलं होतं, ते आम्ही कधी वाचलंच नव्हतं. लीड, म्हणजे मीटरची पिनवाली वायर, फटाक्यासारखी फुटली. भुवया जळाल्या, अंगठ्याला भाजलं. डोळे वाचले ते मान वळवून शेतकऱ्याशी बोलत होते म्हणून. पिन मी ठेवली होती हे त्यांना माहीत होतं. आजतागायत त्यांनी एका शब्दानं काढलेलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता तुला सांगितलं.

तेव्हापासून मीटर हातात आला की मी आधी मागचं झाकण उघडते. आत काचेचा फ्यूज असेल आणि त्यावर २५० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तो मीटर ४१५ ला लावायचा नाही. तार वितळते, पण आतली ठिणगी विझत नाही, काच फुटते. मोठा करंट सुरक्षित तोडणारा एचआरसी फ्यूज जाड असतो, सिरॅमिकच्या नळीत वाळू भरलेली असते, ती ठिणगी गिळते. असा फ्यूज बऱ्यापैकी महाग पडतो. बाराशेच्या मीटरमध्ये तसले दोन घालून वर टॉर्चही द्यायची, हे कुठल्या हिशेबात बसतंय? तूच विचार कर. मग पैसा वाचवलाय कुठं, तेही कळेल.

म्हणून माझं मत असं की तू अँपिअरचा नाद सोड. फ्लूकचा १०१ बघितलायस ना? कॅट थ्री ६०० व्होल्टचा आहे आणि त्यात करंट मोजायची सोयच नाही. एवढ्या नावाजलेल्या कंपनीनं स्वस्त मीटर काढताना काय गाळलं, तर हेच. भोकच नाही, तर चुकीच्या भोकात पिन जाणार कशी? तो तुझ्या बजेटच्या दुपटीहून वर जातोय, म्हणून तोच घे असं म्हणत नाही. पण विचार तोच धर. पाच एचपीची मोटर चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. ते मीटरमधून न्यायचं कशाला? वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा टाँग टेस्टर कंपनीत आहे म्हणालास, तो माग. तुझ्या मीटरला अँपिअरचं भोक असलंच, तर त्यावर इन्सुलेशन टेप लाव. हसू नकोस, दुकानातल्या मीटरला मी अजून लावते.

काय घ्यायचं? व्होल्ट, ओहम, बझर, डायोड आणि जमलं तर कपॅसिटन्स, एवढं बास. कपॅसिटर मोजण्याआधी डिस्चार्ज करायचा, नाहीतर मीटर जाईल, कदाचित तूही दचकून शिडीवरून खाली. मेको मुंबईची, मोटवानी आणि रिषभ नाशिकच्या. यांच्यातलं तुझ्या पैशांत बसणारं साधं मॉडेल बघ. एखादा फ्यूज किंवा लीड पुढं लागली तर निदान कुठं विचारायचं ते माहीत असतं. (मोटवानी म्हणजे तेच, ज्यांचे शिकागो रेडिओचे कर्णे स्वातंत्र्याआधीच्या काँग्रेसच्या सभांना लागायचे. आजोबा त्यांच्या काट्याच्या मीटरला देवासारखं जपायचे.)

ट्रू आरएमएससाठी, म्हणजे लाट कशीही असली तरी खरा आकडा दाखवण्याच्या सोयीसाठी, जीव टाकू नकोस. सरळ साइन वेव्हला साधा मीटर बरोबरच दाखवतो. सरासरी काढून १.११ नं गुणलेलं असतं, बाकी काही नाही. लाट वेडीवाकडी झाली की तो फसतो हे खरं. पण मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीच्या आउटपुटवर बरेच ट्रू आरएमएसवालेही गोंधळतात, तिथं फिल्टरवाला मीटर लागतो आणि तो आपल्या ऐपतीतला नाही.

अचूकतेचा कागद मात्र वाच. 'अधिक-उणे १.२ टक्के आणि १० डिजिट' असं लिहिलेलं असेल आणि ६०० च्या रेंजवर एकेका व्होल्टनं आकडा सरकत असेल, तर ४१५ ला पाच व्होल्ट टक्क्याचे आणि दहा डिजिटचे, म्हणजे पंधरा इकडं किंवा पंधरा तिकडं. तरी तीन फेज एकमेकांशी ताडून बघायला एवढं चालतं, कारण एकच मीटर बहुधा एकाच बाजूला चुकतो. बॅटरी उतरली की मात्र स्वस्त मीटर आकडा फुगवून दाखवतात. २६० दिसलं म्हणून वीज मंडळाला फोन लावण्याआधी सेल बदलून बघ.

मीटर घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत जाशील तेव्हा घाई करू नकोस. पिना एकमेकींना टेकवून ओहम बघ, ०.२-०.३ च्या आसपास स्थिर राहायला हवं. मग वायर मुळाशी हलव. आकडा नाचला तर लीड आजच मेलेली आहे. बझरवर एक पिन दुसरीवर घासत ओढ, आवाज लगेच यायला हवा. उशिरा बोलणारा बझर पॅनलच्या शंभर वायरी तपासताना डोकं उठवतो. दुकानदाराकडं चांगला मीटर असेल तर एकच सेल आणि एकच सॉकेट दोन्हींवर मोजून बघ. झाकण उघडू देत नसेल तर उठून ये.

आणि मीटर कितीही चांगला असला तरी त्याला नको ते विचारू नकोस. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी उतरल्यावर आपल्या दारात चिखलानं भरलेल्या मोटरींची रांग लागली होती, आठवतंय ना? तेव्हाच्या नव्या पोरानं एका मोटरीची बॉडी आणि वाइंडिंग मल्टिमीटरवर बघितलं, ओपन दाखवलं, म्हणून सप्लाय दिला. एमसीबी खाडकन पडला. मीटर ओहम मोजताना जेमतेम दोन-तीन व्होल्ट सोडतो, ओल्या इन्सुलेशनची परीक्षा तेवढ्यानं होत नाही. त्याला इन्सुलेशन तपासायचा ५०० व्होल्टचा मेगरच लागतो. ती मोटर मग दोन दिवस भट्टीत ठेवली.

उलटंही होतं. तोडलेल्या वायरीवर ७०-८० व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो. डिजिटल मीटरचा अडथळा १० मेगाओहमचा, त्यामुळं शेजारच्या चालू वायरीतून उतरलेली भुताटकीही तो इमानानं दाखवतो. अशा वेळी टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमधला वायरी जोडलेला बल्ब, लाव, खोटं व्होल्टेज त्याला पेटवूच शकत नाही. पिशवीतली वस्तू तीच, दुकानातला जुना. मात्र तो फक्त फेज-न्यूट्रलला लावायचा, दोन फेजमध्ये नाही, एकच बल्ब आहे.

पप्पांनी पाचशे रुपये पाकिटात घातलेत, 'चांगल्या लीडसाठी' म्हणाले. मला दाखवून घातले, म्हणजे मीही घालावेत. घातलेत. अडीचशे तुझ्या बुटांसाठीही आहेत, पॅनलपुढं रबरी तळव्याचे बूट असल्याशिवाय उभा राहू नकोस.

लॅम्पचा बल्ब प्रवासात फुटला असेल तर नवीन घाल, होल्डर चांगला आहे. चटणीचा डबा काकूंकडून लगेच घे, त्या विसरतात.

तुझी
आई