बंद पडलेल्या जनुकांविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि एका वाक्यापाशी थांबलो. "जनुक बंद पडलं म्हणजे शरीराचं काहीतरी बिघडलंच," असं तू ठामपणे लिहिलं आहेस. फोनवर बोलून हे संपायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, हे तुला ठाऊक आहेच.

पहिली गोष्ट, बंद जनुकं तुझ्यात आहेत आणि माझ्यातही. डॅनियल मॅकआर्थर हे जनुकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिलं की धडधाकट माणसाच्या जीनोममध्येही, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकीय साठ्यात, जनुकाचं काम थांबवणारे सुमारे १०० बदल असतात. त्यातल्या सुमारे २० जनुकांच्या तर दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, निकामी असतात. प्रथिनं बनवणारी आपली एकूण जनुकं साधारण २०,००० धर. म्हणजे हजारात एक पूर्ण बंद, आणि तरी आपलं काही अडत नाही.

आता 'क' जीवनसत्त्वाचं बघ. उंदीर, कुत्रा, गाय यांना ते अन्नातून मिळालं नाही तरी चालतं, कारण त्यांचं यकृत साखरेपासून ते स्वतः तयार करतं. आपल्याकडे फक्त शेवटच्या पायरीचं एन्झाइम, म्हणजे ती रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, नाही. ते बनवणारं 'गुलो' हे जनुक माकडांच्या आणि आपल्या समाईक पूर्वजात अंदाजे सहा कोटी वर्षांपूर्वी निकामी झालं. त्याचे अवशेष आपल्या आठव्या गुणसूत्रावर आजही सापडतात, काही भाग गळालेले, उरलेल्यांत चुका साचलेल्या. फळं आणि पाला खाऊन राहणाऱ्या प्राण्याला त्याची उणीव भासलीच नाही, म्हणून तो बदल पुसला गेला नाही, पुढच्या पिढ्यांत तसाच उतरत राहिला.

पुढे माणूस महिनोन्‌महिने जहाजावर राहू लागला, तेव्हा ही उणीव जिवावर बेतली. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, त्यातून रक्त येतं, दात हलू लागतात. शरीराला नवं कोलॅजेन, म्हणजे ऊती बांधून ठेवणारं प्रथिन, नीट बनवता येत नाही, त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडतात! १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांत सुधारली, त्यातला एक तर कामावरही रुजू झाला. जनुक गेलं तेव्हा रोग नव्हता. रोग आला तो कोट्यवधी वर्षांनी, ताजी फळं-भाजी तुटल्यावर. मग बिघाड नेमका कधी झाला म्हणायचा?

युरिक ॲसिड या शरीरातल्या टाकाऊ द्रव्याचंही थोडंफार असंच. ते पुढे मोडणारं युरिकेज हे एन्झाइम आपल्या पूर्वज वानरांनी गमावलं आणि गाऊट या सांध्यांच्या आजाराची ठणक आपल्या वाट्याला आली. त्यातून पूर्वजांचा फायदाच झाला असं काही अभ्यासक मांडतात, पण मला ते युक्तिवाद अजून पटलेले नाहीत.

याचा अर्थ सगळं काही छानच असतं, असं मी म्हणत नाही. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'एससीएन९ए' या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असल्यामुळे त्यांच्यातल्या सहा जणांना जन्मापासून वेदना म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ऐकायला वरदान वाटतं. पण लहानपणी त्या सगळ्यांनी स्वतःच्याच दातांनी ओठ नाहीतर जीभ चावून जखमा करून घेतल्या होत्या. या सहांखेरीज, तशीच वेदना न जाणवणारा आणि रस्त्यावर खेळ करून दाखवणारा एक मुलगा हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदावा वाढदिवस यायच्या आतच तो छपरावरून उडी मारून गेला. ते वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होतो.

आणि तरीही तुझ्या त्या वाक्याला माझा विरोध आहे, तो मुख्यतः 'पीसीएसके९' या जनुकामुळे. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उचलून घेणारे रिसेप्टर (पकडून ठेवणारी प्रथिनं) यकृताच्या पेशींवर असतात, आणि या जनुकापासून बनणारं पीसीएसके९ हे प्रथिन त्या रिसेप्टरांना नष्ट करायला लावतं. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या संशोधकांना असे लोक सापडले, की ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत बंद होती. २००६ साली त्यांनी आकडे मांडले. अभ्यासातल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी २.६ टक्के लोकांत असा बदल होता, त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयविकाराचं प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी! एका तरुण स्त्रीत तर दोन्ही प्रती बंद निघाल्या. तिचं एलडीएल डेसिलिटरला फक्त १४ मिलिग्रॅम होतं, आणि ती ठणठणीत होती. या प्रथिनाला अडवणारी औषधं २०१५ साली मंजूर झाली. हे जनुक थांबवलं तर माणसाला अपाय होईल का, या प्रश्नाचं उत्तर त्या स्त्रीच्या शरीरानं आधीच देऊन ठेवलं होतं.

म्हणून आता संशोधक अशी माणसं मुद्दाम शोधतात. नात्यात लग्नं होतात तिथे एकच बंद प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे पाकिस्तानात १०,५०३ लोकांचा अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,३१७ जनुकं कुणा ना कुणात पूर्ण बंद सापडली. एका घरात तर आई, वडील आणि त्यांची नऊच्या नऊ मुलं, सगळ्यांत 'एपीओसी३' हे जनुक बंद. त्या घरातल्यांना भरपूर चरबी असलेलं खाणं देऊन तपासलं, तर एरवी सपाट्यानं वाढणारे रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) त्यांच्यात जवळजवळ वाढलेच नाहीत. असं प्रत्येक घर शोधून काढायला हवं, त्यांची नीट विचारपूस व्हायला हवी, आणि त्यांच्यामुळे जे कळलं त्याचा लाभ आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

यावर तुझं म्हणणं काय ते सवडीनं कळव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध