मुंग्यांचा सावकार

पुणे, रविवार

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. 'रिटायर होऊन दिवसभर करतोस काय?' असं तू विचारलंस. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तीन आठवडे गप्प बसलो. आता आहे. सध्या मी जॉन लबकच्या नादी लागलोय.

हा आपल्याच बिरादरीतला, बँकवाला. जन्म 1834 चा. लंडनमध्ये घरचीच पेढी, त्यामुळे ईटनची शाळा अर्ध्यावर सुटली आणि पोर कोवळ्या वयात पेढीवर बसलं. त्याच्या लहानपणी एकदा बाप म्हणाला, आज मोठी बातमी आहे. याला वाटलं, तट्टू मिळणार! बातमी निघाली ती शेजारच्या डाऊन गावात डार्विन राहायला येतोय ही. बिचारा हिरमुसला. पण किड्यामुंग्यांचं वेड वाढलं ते त्याच शेजाऱ्यापायी. चोविसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो, मग खासदार, निसर्ग-अभ्यासकांच्या लिनियन सोसायटीचा अध्यक्ष, आणि पेढी चालूच. आपण कॅश टॅली झाली की आडवे व्हायचो!

आपला 'बँक हॉलिडे' हा शब्दही त्याच्याच 1871 च्या कायद्यातला. मेख ऐक. रविवारी मुदत भरणारी हुंडी आदल्या दिवशी चुकवावी लागे. यानं नव्या सुट्टीला नियम घातला, की हुंडी दुसऱ्या दिवशी देय. सुट्टीही मिळाली आणि धनकोही गप्प. हे बँकवाल्यालाच सुचणार.

खरी मजा मुंग्यांची. दोन काचांच्या मध्ये माती घालून तो वारुळं पाळायचा. एक राणी तर चौदा-पंधरा वर्षं जगली. मुंग्या आपल्या-परक्याला ओळखतात का, हे बघायला त्यांना बेशुद्ध करायचं होतं. क्लोरोफॉर्मनं मरायला लागल्या, मग यानं चक्क दारू पाजली! शुद्धीतल्या मुंग्यांनी आपल्या वारुळातल्या बहुतेक झिंगलेल्यांना उचलून घरी नेलं, आणि परक्यांना बहुधा भोवतीच्या पाण्यात ढकललं. आपल्या शाखेच्या पार्ट्या आठवल्या. एक गांधीलमाशीही त्यानं पाळली होती, हातावर खायची.

इंग्लंडातल्या एव्हबरी गावच्या प्राचीन शिळांच्या जागी घरं उठणार म्हटल्यावर त्यानं जमीनच विकत घेतली. पुराश्मयुग, नवाश्मयुग हा भेदही त्याचाच, 1865 चा. पण इथंच माझं त्याच्याशी बिनसतं. अश्मयुगातला माणूस कळावा म्हणून तो हयात आदिवासींकडे बोट दाखवतो, जणू ती माणसं मागंच राहून गेलीत. मुंगीकडं तासन्‌तास बघणाऱ्यानं माणसाकडं इतकं घाईनं बघावं, हे खटकतं.

असो. खिडकीच्या दोन जुन्या काचा धुऊन मीही मध्ये माती भरली आहे. ओट्यावरच्या सात-आठ काळ्या मुंग्या आत सोडल्या. सकाळी सगळ्या पसार. हिनं विचारलं, "आता घरात मुंग्या सोडायच्याच राहिल्या होत्या का?"

वहिनींना नमस्कार. येताना भिंग आण, माझं फुटलंय.

तुझा,
अनंता