चवथीला येताना

वाळपई

चि. बाय हिस, अनेक आशीर्वाद.

चवथीला पुण्याहून येतेस हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. पण ‘गाडी नाही मिळाली तर बघू काहीतरी’ असं फोनवर म्हणालीस, ते माझ्या मनातून जात नाही. त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची अर्धी माणसं कोकणात उतरतात, दिवस भर पावसाचे आणि तू एकटी. तेव्हा ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय, ते आत्ताच ठरवून ठेवूया.

पणजी–बेळगाव फेरीवर कंडक्टर म्हणून माझी निम्मी नोकरी गेली, तेवढ्या हक्काने सांगतो. पर्याय म्हणून जी वाट धरायची ती पहिलीबरोबरच बंद पडणारी नको. मांडवी नाही तर कोकणकन्या, तीही भरली तर तुतारीने सावंतवाडी, असं तू म्हणशील. गाड्यांची नावं तीन, पण रूळ एकच, कोकण रेल्वेचा. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली, तेव्हा गोव्याच्या गाड्या पुणे–मिरज–लोंढा अशा फिरवून आणाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये पेडण्यालाच बोगद्यात पाणी शिरलं आणि पुन्हा सगळं ठप्प झालं. अशा वेळी तुझ्याकडे कोकण रेल्वेची तीन तिकिटं असली तरी तिन्ही सारखीच निकामी. म्हणून एक वाट रुळाची ठेव आणि दुसरी घाटाची.

रुळाची वाट पनवेलवरून. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, पूर्वी एकशेवीस दिवस मिळायचे. चवथीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात, तेव्हा त्या सकाळी कॉलेज राहू दे, तिकीट काढ. परतीचंही लगेच बघून ठेव, कारण पाच दिवसांचे गणपती पोचवून सगळे एकदमच निघतात. आरएसी मिळालं तरी चालेल, निदान बसायला जागा असते. वेटिंगवर मात्र विसंबू नकोस. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं, तर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. पैसे आले तरी तू पुण्यातच. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. दिवाळीला पाहिलेल्या वेळा मनात धरू नकोस. तिकीट मडगावचं नको, थिवीचं काढ. मडगावला उतरलीस तर पणजीपर्यंत उलटं येऊन मग आपल्या वाळपईजवळची साखळी गाठायची, त्यात दिवस मोडतो. पुण्याहून पनवेलपर्यंतचं तिकीट वेगळं काढणार असशील तर मध्ये तीन तास तरी मोकळे ठेव. ती पहिली गाडी उशिरा आली म्हणून पुढची तुझ्यासाठी थांबणार नाही.

आता घाटाची वाट, हिच्यावर माझा जास्त जीव. पुण्याहून गोव्याला येणाऱ्या बऱ्याचशा बसगाड्या निपाणीला हायवे सोडून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत म्हापशाला येतात. आंबोलीत दरड आली की त्या खोळंबतात. तू थेट गोव्याचं तिकीट न काढता बेळगावपर्यंतचंच काढ. रात्रीच्या गाडीने निघालीस की सकाळी बेळगाव. तिथून चोर्ला घाटाने पणजीला येणारी सकाळचीच गाडी धर आणि साखळीला उतर, मी स्टँडवर असेन. घाट दिवसाउजेडी उतरता येतो हा त्यातला मोठा फायदा. चोर्ला बंद असल्याचं बेळगावात कळलं, तर मावशीचं घर शहापुरात आहे. तिला मी सांगून ठेवतो. मध्यरात्री पोचलीस तरी ती दार उघडेल.

मुक्कामाचं हे मी मुद्दाम लिहितो आहे. वाट निवडताना वेळापत्रकाच्या आधी, मध्ये कुठे अडकलीस तर रात्र कुणाकडे काढशील ते बघायचं. बेळगावात मावशी, म्हापशात आत्या. आंबोलीच्या वाटेने निपाणी सोडलीस की सावंतवाडीपर्यंत आपलं कुणी नाही, म्हणून ती वाट मला नको.

घाटात गाडी थांबली तर आधी कारण विचार. झाड आडवं पडलं असेल तर गाडीतच बस. दोन्ही बाजूंच्या गाड्यांतून माणसं उतरतात, कुणाच्या तरी डिकीतून कोयता निघतो, कुणी दोर बांधतं, बुंधा मोठा असला तर केरीहून करवत मागवतात. तासा-दोन तासांत एक गाडी जाईल एवढी वाट होतेच. हे मी कितीदा पाहिलं आहे. दरड असेल तर मात्र जेसीबी येईपर्यंत काही खरं नाही, आणि वरून माती सुटत असेल तर तोही हात लावत नाही. अशा वेळी चालक गाडी मागे फिरवत असेल तर मुकाट परत जा. दुसऱ्याच्या जीपमधून पुढे येऊ नकोस.

गोवा एक्सप्रेस तिसरी. ती पुण्याहून दुपारनंतर सुटून मिरज, बेळगाव, लोंढा करत पहाटे मडगावला येते. पण दूधसागरचा तो घाटही पावसात भरवशाचा नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे मालगाडी घसरून वाहतूक अडली होती. बाकी दोन्हींची तिकिटं नसतील तरच ती.

एक दिवस असाही येऊ शकतो की कुठलीच वाट चालणार नाही. जुलै २०२१ आठव. चिपळुणात वाशिष्ठीला पूर येऊन कोकण रेल्वे थांबली, त्याच सुमारास कोल्हापूरजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं, आणि इकडे म्हादई नदीने आपल्या सत्तरी तालुक्यात घरं पाडली. तसं काही झालं तर निघूच नकोस. आईला वाईट वाटेल, मलाही वाटेल, पण तू खोलीवर सुखरूप आहेस एवढं कळलं की आम्ही आरती करू.

शेवटचं साखळी ते घर. संध्याकाळ झाली की आपल्याकडच्या खासगी बसगाड्या विरळ होतात, त्यात पाऊस असला तर विचारायलाच नको. थिवीला किंवा म्हापशाला दिवस मावळल्यावर पोचलीस तर पुढे यायची घाई करू नकोस, आत्याकडेच राहा. मी सकाळी येऊन नेतो.

सुटे पैसे वेगळ्या पाकिटात ठेव. आमचा, मावशीचा आणि आत्याचा नंबर कागदावरही लिहून घे, घाटात रेंज नसते आणि मोबाइलची बॅटरी उतरली तर नंबर पाठ नसतात. तिकीट झालं की पीएनआर पाठव, बसचं असेल तर गाडीचा नंबर. मावशीला रविवारी फोन करणार आहे, त्याआधी तुझी तारीख कळव.

तुझा,
बाबा