आईच्या मशीनला खोबरेल नको

ग्लासगो,
18 मे

ती. वहिनी,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाले, दीड मिनिटाचा व्हिडिओही दोनदा पाहिला. आईचं शिलाई मशीन गेलेलं नाही, चिकटलंय. व्हिडिओत चाक फिरवताना तुझा हात ज्या जोराने चाललाय आणि वरच्या भोकांशी जो पिवळसर थर दिसतोय, त्यावरून कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल घातलेलं आहे, हे सरळ कळतं. आपल्या गोव्यातल्या मांद्र्यात घरोघरी तेच चालतं. डोक्याला, पुरणाच्या यंत्राला आणि शिलाई मशीनला एकच बाटली. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे आपल्याकडे पौष-माघातल्या पहाटेला मशीनच्या आत ते तुपासारखं बसतं. शिवाय जुनं झालं की आटून लाखेसारखं चिकट होतं. त्यात सुताचा भुगा बसला की सांधे धरतात.

तर ते म्हापशाचे मेस्त्री म्हणाले तसं रंग काढून नवा काळा रंग मारू नकोस आणि मोटरही बसवू नकोस. मोटरीचं पुढे कधी वाटलं तर बघू. पावसात चार चार तास वीज नसते तेव्हा पायाचंच मशीन चालतं.

आधी त्याची ओळख. खांबाच्या पायथ्याशी उजवीकडे पितळी पट्टीजवळ जो नंबर आहे, तो ई या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, पुढे आणखी एक अक्षर आणि मग आकडे. तो इथला, स्कॉटलंडचा. मॉडेल 15 के, त्यातला के म्हणजे किलबोवी, क्लाइडबँकमधला सिंगरचा मोठा कारखाना. 1980 मध्ये तो बंद पडला, पण लोकलच्या स्टेशनाचं नाव अजून सिंगरच आहे. हे सांगायचं कारण वेगळं. या 15 जातीची नक्कल जगभर झाली, आपल्याकडची बरीचशी काळी घरगुती मशीनं त्याच आराखड्याची. म्हणून सुई, बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ), ती जिच्यात बसते ती बॉबिन केस, पट्टा हे सगळं म्हापशाच्या बाजारात मिळेल, परदेशातून काही मागवायची गरज नाही. मी पाठवायचं म्हणत होते ते म्हणूनच थांबवलं.

काम मिरगाच्या आत उरक. आणि क्रम मोडू नकोस: साफसफाई, तेल, पट्टा, सुई, दोरा, आणि सगळ्यात शेवटी टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण. बहुतेक लोक पहिला हात टेन्शनच्या स्क्रूलाच घालतात, मग मूळ दोष कुठला आणि आपण केलेला कुठला हे कळेनासं होतं.

सुरुवातीला पट्टा काढ, सुई काढ, बॉबिन केस काढ. पट्टा नसताना पायपट्टी दाब. खालचं मोठं चाक ढकललं की बराच वेळ आपोआप फिरत राहायला हवं. लगेच थांबलं तर जडपणा खाली स्टॅण्डमध्ये आहे, वरच्या डोक्यात नाही. पायपट्टीच्या दोन टोकांना, उभ्या दांड्याच्या दोन्ही सांध्यांना आणि चाकाच्या आसाला तेल लागतं, आणि हीच जागा सगळे विसरतात. मग वरचं चाक हाताने स्वतःकडे फिरव. सगळीकडे सारखं जड लागलं तर जुनं तेल. एकाच जागी अडलं तर काहीतरी अडकलंय, बहुतेक शटलमध्ये, म्हणजे बॉबिन केसभोवती हलणाऱ्या भागात, दोरा.

शटल काढताना सुईचा दांडा अगदी वर घे. डावीकडची सरकपट्टी ओढ, खालून शटलचं कडं धरून ठेवणारी खिटी बाजूला कर, म्हणजे कडं आणि चंद्रकोरीसारखं शटल हातात येईल. तिथे दोऱ्याचे तुकडे सापडतीलच. चिमट्याने काढ, खेचू नकोस. शटलच्या टोकावरून नख फिरवून बघ. नखाला खरखर लागली तर दोरा तिथेच कापला जातोय. हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून दोनचार वेळा हलकेच घास, टोक बोथट होता कामा नये. सुईखालची प्लेट दोन स्क्रूंनी बसलेली असते. ती काढलीस की कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधल्या खाचांत सुताची घोंगडी दिसेल, अक्षरशः दाबून बसलेली. तीच कापड पुढे न सरकण्याचं कारण आहे. दाते झिजले म्हणून बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. टूथपिकने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडून काढ, तोंडाने फुंकू नकोस, थुंकीचा ओलावा आणि भुगा दोन्ही आत जातात.

आता चिकट तेल. रॉकेल मिळालं तर उत्तम. मशीन बिजागरीवर मागे कलंडवून, खालचे सगळे हलणारे सांधे, डाव्या तोंडावरच्या झाकणामागचे सुईदांड्याचे सांधे आणि मागचं गोल झाकण सरकवून दिसणारे आतले भाग, प्रत्येक ठिकाणी थेंबभर. रात्रभर तसंच ठेव, खाली जुनं वर्तमानपत्र. सकाळी चाक मागे-पुढे हलवत राहा. अडलंच तर त्या जागी दोन-तीन मिनिटं हेअर ड्रायरची गरम हवा दे, जुनं तेल ऊबेने सुटतं. जोर लावून, पाना लावून किंवा हातोडीने काही करू नकोस, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ तुटतं. दादाला हे दोनदा सांग. त्याला मशीन दिसलं की पाना आठवतो.

रॉकेल लागलेली जागा कोरडी पडते. म्हणून ते कापसाने पुसून घेतलं की त्याच दिवशी शिलाई मशीनचं खास तेल घालायचं. पाण्यासारखं पातळ, बिनरंगी, दुकानात छोट्या बाटलीत मिळतं ते. वीसेक ठिकाणं निघतील. एका ठिकाणी एकच थेंब, मग चाक दहा वेळा फिरव. जास्त तेल पुढच्या कापडावर डाग होऊन उतरतं. गंज सोडवायचा स्प्रे बिजागरीला ठीक, पण मशीनच्या आत तेल म्हणून वापरू नकोस. तो उडून जातो.

सोनेरी वेलबुट्टीबद्दल मात्र फार सांभाळ. त्या नक्षीवर लाखेचा पारदर्शक थर असतो आणि स्पिरिट लागलं की तो विरघळून पांढरट होतो. सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव, काच पुसायचा फवारा, यातलं काहीही मशीनजवळ आणू नकोस. रॉकेलसुद्धा नक्षीवर नको. जुन्या मलमलीवर मशीनचं तेल घेऊन गोल गोल पूस, धूळ निघाली की पुरे. निकेलच्या भागांवरचा तांबूस गंज ॲल्युमिनियम फॉइलची गोळी तेलात बुडवून घासली की जातो. काळ्या रंगावर ती टेकवू नकोस.

पट्टा. तुझ्या फोटोतला पट्टा तुकड्यातुकड्याने जोडलेला आहे, दोन लोखंडी पिना शेजारी शेजारी. टाकून दे. चामड्याचा गोल पट्टा साधारण 5 मि.मी. जाडीचा, सहा फूट लांबीचा येतो. खालच्या आणि वरच्या चाकाच्या खाचेतून घेऊन हाताने ताणून धर, दोन टोकं जिथे भिडतात तिथे काप, टोकापासून 5-6 मि.मी. आत भोक पाड आणि पिन घालून पकडीने दाब. बोटाने दाबल्यावर पट्टा सेंटिमीटरभर आत गेला पाहिजे. त्याहून ताठ केलास तर पाय दुखतो आणि आसाच्या जागा झिजतात. पावसात चामडं सैल पडतं, तेव्हा एकदम न कापता एका वेळी एक सेंटिमीटरच कमी कर, कारण कापलेलं परत येत नाही. काम नसेल तेव्हा पट्टा खालच्या चाकावरून उतरवून ठेव.

बॉबिन भरताना वरच्या चाकाच्या मधली फिरकी सैल केली तरी सुई वरखाली होतेय असं म्हणालीस. आतली वायसर, म्हणजे पातळ चकती, उलटी बसलीय. फिरकीतला बारीक स्क्रू काढून ती बाहेर घे. तिच्या आतल्या दोन वाकवलेल्या कानांची टोकं बाहेरच्या बाजूला, आपल्याकडे असायला हवीत. तशी बसवून फिरकी घट्ट झाली, पण सुटत नसेल, तर वायसर अर्धी फिरवून पुन्हा बसव.

सुई घरगुती मशीनची, एका अंगाने चपटी, अशी माग. टेलरच्या मोठ्या मशीनची गोल दांड्याची सुई दिसायला सारखीच, पण ती इथे चालत नाही. 11 नंबर मलमल आणि वॉयलला, 14 साध्या सुती कापडाला, 16 जीन्स आणि पडद्याला. एकेकीची दहा-दहाची पाकिटं आण. जुनी मशीनमधली सुई पुन्हा वापरू नकोस, मांद्र्याच्या खाऱ्या हवेत ती आत राहून तांबूस पडलेलीच असणार. सुई वर टेकेपर्यंत सरकवायची. चपटी बाजू कुठे, यात गोंधळ होतो, तर खूण अशी: सुईच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने नेढ्यात शिरतो. सुईच्या अगदी वरचा तारेचा आकडा ज्या बाजूला आहे तिकडे ती लांब खाच, म्हणजे चपटी बाजू पलीकडे. उलटी बसली तर मशीन टाका धरतच नाही.

दोरा घालताना कापड दाबून धरणारं फूट वर उचललेलं हवं. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, दोरा मधे न बसता वरूनच जातो. फोटोतल्या तुझ्या शिवणीच्या नमुन्यात खालच्या बाजूला जे दोऱ्याचं जाळं झालंय, ते त्याचंच. खाली गुंता म्हणजे खालचा दोरा सैल, असं वाटतं आणि लोक बॉबिन केस पिळत बसतात. उलट आहे: खाली फासे दिसले तर दोष वरच्या दोऱ्याचा, वर फासे दिसले तर खालच्याचा. चकत्यांत जुना धागा अडकला असेल, तर फूट वर ठेवून सुती कापडाची अरुंद पट्टी त्यांच्यामधून दोनदा ओढ. शेजारची बारीक तारेची स्प्रिंग दोऱ्याखालून सुटलेली नाही ना, तेही पाहा.

बॉबिन केस नवी घेणार असशील, तर जुनी बरोबर ने. केसच्या वरचं बोट वेगवेगळ्या दिशेला असलेल्या दोन तऱ्हा मिळतात, चुकीची घेतलीस तर बसत नाही. टेन्शन पाहायची रीत सोपी. दोऱ्याने केस हवेत लोंबकळत धर. स्वतःच्या वजनाने ती खाली घसरायला नको, मनगटाला किंचित झटका दिला की तीन-चार सेंटिमीटर उतरून थांबायला हवी. घसरली तर तिच्या बाजूचा छोटा स्क्रू पाव आट्याहून कमी आवळ. आणि फिरवण्याआधी स्क्रूच्या खाचेची दिशा फोटोत घेऊन ठेव.

कुणब्याचं कापड शिवायचं म्हणालीस, त्याबद्दल थोडं. हातमागाचं आहे, आटतं. रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच बेत. कडा सुटतात म्हणून शिवणीला दीड सेंटिमीटर सोड. 14 ची सुई, इंचाला दहा टाके. आजीची वाकळ मात्र आधी नको. चार पदरांच्या पुढे हे मशीन रडतं, ते हातानेच टाच.

जागेचं काय ते लगेच सांगते. बलकांवात, म्हणजे पुढच्या उघड्या ओसरीवर, ठेवू नकोस, कितीही उजेड असला तरी. पावसाची झड आणि समुद्राची हवा थेट येते. माजघरातल्या पूर्वेच्या खिडकीशी, खिडकी डाव्या हाताला येईल अशी बसव. मशीनचा खांब उजवीकडे असतो, उजवीकडून उजेड आला की सावली बरोबर सुईवर पडते. चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब. कापायला कमरेइतकं उंच टेबल वेगळं, जमिनीवर वाकून बेतू नकोस. स्टॅण्डच्या पायांच्या छोट्या चाकांना रबराचे तुकडे लाव, गुळगुळीत फरशीवर तो पुढे सरकतो. प्लास्टिकचं आच्छादन नको, आत घाम धरतं. जुन्या सुती साडीचं शीव आणि ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेव. ड्रॉवर फुगून अडला तर कडेला मेणबत्ती घास. आणि आईच्या डब्यातली जुनी रिळं भावनेपोटी वापरू नकोस. हातात ताणून बघ, टचकन तुटली तर ती फक्त ठेवायची.

सगळं झालं की एक कर. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून जुन्या पांढऱ्या कापडाच्या दोन पदरांवर वीतभर शिव. सुरुवातीला चाकाला हाताने स्वतःकडे गती दे, मगच पाय लाव, नाहीतर चाक उलटं जाऊन दोरा आत गुरफटतो. शिवलेल्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे जवळून फोटो काढून पाठव. ते पाहिल्याशिवाय टेन्शनच्या स्क्रूला हात लावू नकोस.

दादाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पान्याचं विसरू नकोस.

तुझी नणंद,
माई